पाचारण आणि 'उद्या ये'

आपल्या धर्मग्रामांत पाचारणाविषयी बोलताना आपण बहुधा एका क्षणाविषयी बोलतो. मुलीला प्रार्थनेत प्रभूची हाक ऐकू आली, आईवडिलांनी डोळे पुसत तिला निरोप दिला, काही वर्षांनी वेदीसमोर तिने दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते घेतली. लग्न लागले की गोष्ट संपावी, तशी आपली गोष्ट तेथे संपते. 'पुढे ती गोरगरिबांची सेवा करते' एवढे एक वाक्य शेवटी जोडले जाते. आम्हांस वाटते, खरा प्रश्न त्या जोडलेल्या वाक्यातच आहे. प्रभूची हाक आयुष्यात एकदाच येते काय? आणि जी हाक अवेळी, ओळखदेख नसलेल्या एखाद्या बाईच्या तोंडून, दारात उभी राहून येते, तिला पाचारण म्हणावयाचे की कामातला व्यत्यय?

सिस्टर लूसी कुरियन यांच्या आयुष्यात हा प्रश्न १९९१ साली उभा राहिला. केरळातल्या कण्णूर जिल्ह्यात जन्मलेल्या व होली क्रॉस संघात व्रतस्थ झालेल्या सिस्टर त्या काळी पुण्यात पीडित स्त्रियांसाठी काम करीत होत्या. एक गरोदर स्त्री त्यांच्याकडे आली. नवरा जिवावर उठला आहे, मला आसरा द्या, असे तिचे म्हणणे होते. सिस्टर मठात राहत होत्या. कोणाला परस्पर ठेवून घेणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी यावयास सांगितले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. ती गेली, पोटातले बाळही गेले.

ही हकिकत सिस्टरांनी स्वतःच पुढे अनेक ठिकाणी सांगितली आहे. म्हणूनच तिच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याचा धीर आपणही करावयास हवा. 'उद्या ये' या शब्दांत निष्ठुरपणा होता काय? मुळीच नव्हता. ते शब्द दयाळू माणसाचे होते, पण त्या दयेला दार नव्हते. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात रस्त्याच्या कडेने निघून गेलेले याजक आणि लेवी यांना आपण प्रवचनांत फार सहज दोषी ठरवतो. त्यांनाही कोठेतरी वेळेवर पोहोचावयाचे असेल, कोणते तरी नियम पाळावयाचे असतील. शोमरोन्याकडे त्यांच्याहून मोठे अंतःकरण होते हे खरेच; पण त्याच्याकडे एक जनावर होते, दोन नाणी होती आणि ओळखीची नसली तरी एक धर्मशाळा होती, हेही विसरून चालणार नाही. धर्मशाळाच नसती तर त्या जखमी माणसाला त्याने कोठे नेले असते?

यावर कोणी म्हणेल, मग आज्ञापालनाच्या व्रताचे काय? परवानगीवाचून एखादी भगिनी वागू लागली तर संघ चालावा कसा? ही शंका आम्ही हलकी मानीत नाही. मदर तेरेसांना दार्जिलिंगच्या आगगाडीत गरिबांत जाऊन राहण्याची हाक आली ती १० सप्टेंबर १९४६ रोजी. लोरेटोचा मठ सोडून त्या बाहेर पडल्या १९४८ मध्ये. मधला सगळा काळ त्यांनी वरिष्ठांच्या अनुमतीची वाट पाहण्यात घालविला. कलकत्त्याच्या रस्त्यांवर त्या काळातही माणसे मरत होती. तरीही ती प्रतीक्षा आपल्याला व्यर्थ वाटत नाही, कारण तिच्यातून १९५० साली एक संघ उभा राहिला आणि तो त्यांच्या पश्चातही चालू आहे.

तर मग थांबणे केव्हा योग्य आणि केव्हा अयोग्य? आमच्या मते योजना थांबू शकते, माणूस थांबू शकत नाही. कार्य उभारावयाचे असेल तर सल्ला घ्यावा, अनुमती घ्यावी, पैशांची तजवीज करावी. त्यात वर्षे गेली तरी हरकत नाही. दारात उभ्या असलेल्या बाईला मात्र एकच रात्र असते. सिस्टर लूसींच्या आयुष्यात ही दोन्ही थांबणी एकाच धाग्यात ओवलेली दिसतात. एका रात्रीचे थांबणे एका स्त्रीच्या जिवावर बेतले. त्यानंतर फादर फ्रान्सिस डिसा या येशूसंघीय धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली सहा वर्षे झटून त्यांनी जे उभारले, त्यामुळे पुढच्या स्त्रियांना 'उद्या ये' हे ऐकावे लागले नाही. पुण्याजवळच्या वढू बुद्रुक येथे, म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी असलेल्या गावी, २ फेब्रुवारी १९९७ रोजी पहिले घर सुरू झाले. प्रभूच्या मंदिरातील समर्पणाचा हा सण. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी त्याच वर्षापासून तो व्रतस्थांचा दिवस म्हणून पाळावयास सुरुवात केली होती.

त्या घराचे नाव 'माहेर'. केरळच्या एका भगिनीने निवडलेला हा अस्सल मराठी शब्द आहे, आणि तो आपल्याला थोडा टोचावयास हवा. व्रतस्थ स्त्री माहेर सोडते आणि सासरी जात नाही. तिला दोन्ही घरे नसतात. म्हणूनच बहुधा, जिचे माहेरही तुटले आणि सासरही तुटले अशा बाईची अवस्था तिला आतून कळते. पण मुलीचे माहेर असताना तिला 'माहेर' नावाच्या संस्थेत का जावे लागते? आपल्याच घरांतून रडत आलेल्या लेकीला आपण काय सांगतो? पदरी पडले, पवित्र झाले. थोडे सोसून घे. लोक काय म्हणतील? सणाला ये, चार दिवस राहा आणि परत जा. कॅथलिक कुटुंबांत विवाहाच्या अविच्छेद्यतेची भर पडते, आणि ख्रिस्तसभेने कधी न शिकविलेली गोष्ट आपण तिच्या नावावर खपवितो. जिवाला धोका असेल तर वेगळे राहण्यास धर्मसभेचा कायदा आडकाठी करीत नाही. देशाचा कायदा तर २००५ साली आला आणि २००६ पासून अमलात आला. त्याने स्त्रीला राहत्या घरावरचा हक्क व आसऱ्याची सोय मान्य केली. १९९१ च्या त्या स्त्रीला यातले काहीच मिळाले नाही.

आता वढू पुण्यापासून जवळ. मराठवाड्यातल्या एखाद्या वस्तीवरच्या बाईने रात्री कोणते दार ठोठवावे? येथे आम्हांस धाराशिव जिल्ह्यातले, तुळजापूर तालुक्यातले अणदूर आठवते. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे हे गाव. येथला खंडोबा वर्षातले काही आठवडे शेजारच्या नळदुर्गला राहावयास जातो. देवाला दोन गावांनी दोन घरे देऊ केली आहेत, आणि दोन्ही गावे तो करार पाळतात. याच अणदूरला डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्याने हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम उभारले. शाळा फारशी न पाहिलेल्या गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांना 'भारतवैद्य' हे नाव दिले. डॉक्टर दूर, रस्ता खराब, हाती पैसे नाहीत. अशा वेळी गल्लीतलीच एक बाई उठून येते.

या बायकांनी व्रते घेतलेली नाहीत. त्यांना नवरा आहे, मुले आहेत, सकाळी शेतात जावयाचे आहे. त्यांच्या कामाला पाचारण म्हणावे की नाही? दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे असे शिकविले, तेव्हा आमचे उत्तर तयार आहे. पण मग व्रतस्थ भगिनीचे वेगळेपण कशात उरले? तिला अर्ध्या रात्री उठताना घरच्या कोणाला विचारावे लागू नये, यात. ब्रह्मचर्याने तिला प्रपंचातून मोकळे केले ते एवढ्यासाठीच. तिच्यावर घंटेची, वेळापत्रकाची व परवानगीची एवढी ओझी पडली की गल्लीतली भारतवैद्य तिच्याआधी दारात पोहोचू लागली, तर कोठे काय बिघडले ते संघांच्या वरिष्ठांनी तपासावयाचे आहे, आणि त्या भगिनींना आपल्या मुली देणाऱ्या आपणही. मठाला शाळेची इमारत बांधून द्यावयास आपण वर्गणी काढतो. रात्री येणाऱ्या एका बाईसाठी एक खोली, एक खाट आणि आतून लागणारी कडी, यांसाठी कोणत्या धर्मग्रामाने वर्गणी काढली आहे?