दुसऱ्या दारची शांती



माझ्या कीर्तनाला पंचवीस वर्षे एकच पखवाजी साथीला होता. पैठणच्या नाथषष्ठीला आम्ही एका राहुटीत झोपलो, एका ताटात जेवलो. त्याचा मुलगा आजारी पडला. दुखणे लांबले आणि काळजीने हा माणूस वाळत गेला. त्या दिवसांत तो आपल्या शहरातल्या छावणीकडे ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनेला जाऊ लागला. एके सकाळी येऊन म्हणाला, "महाराज, आता रात्री झोप लागते." मूल कसे आहे, हे विचारायचे मला सुचले नाही. मी म्हणालो, "विठोबा कुठे कमी पडला?" त्या दिवसापासून मी त्याच्या घरचे पाणी टाकले.

वाचक माउली, प्रश्न असा आहे: दुसऱ्याच्या दारी मिळालेली शांती खरी मानावी का?

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म 1861 चा, कोकणातल्या ब्राह्मण घरातला. आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. पुढे त्यांनी ख्रिस्तचरित्रावर कीर्तने केली, अभंग रचले. टाळ-मृदंग त्यांनी सोडला नाही.

त्या प्रवचनात येशू सांगतात, पाखरे पेरीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत, तरी देव त्यांना पोसतो. उद्याची चिंता आज कशाला? ऐकताना हे आपल्याच घरचे वाटते. पण सांगणारा स्वतः काळजीतून सुटलेला नव्हता. पकडले जाण्यापूर्वी त्याच रात्री गेथशेमाने बागेत ते व्याकूळ झाले, हे दुःख टळावे म्हणून पित्याला विनवले, आणि शेवटी त्याच्या इच्छेपुढे मान तुकवली. आपले तुकोबा तरी वेगळ्या वाटेने गेले का? दुष्काळात पत्नी गेली, मूल गेले, दुकान बुडाले. मग ते डोंगरावर जाऊन बसले. भार जड झाल्यावाचून तो कोणाच्या पायी ठेवावा, हे माणसाला कळत नाही. पाय ज्याचे त्याने शोधावेत.

मात्र याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. टिळकांना शांती मिळाली आणि लक्ष्मीबाईंची झोप उडाली. नवरा धर्म सोडून गेला. ती माउली काही काळ पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाने झुरत राहिली. 'स्मृतिचित्रे' वाचा, म्हणजे कळेल. एकाची शांती दुसऱ्याच्या डोळ्यांतले पाणी होऊ शकते. पुढे त्या टिळकांकडे परत गेल्या, पण नवऱ्याच्या सांगण्याने त्यांचे मन फिरले नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवले. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. शांती उसनी मिळत नाही, हे त्यांच्याकडून शिकावे.

आता माझी गोष्ट पुरी करतो. काही वर्षांनी आमच्या घरातून आजारी पडल्या. शस्त्रक्रियेच्या रात्री मी दवाखान्याच्या ओट्यावर बसलो होतो. हातात माळ होती, पण ओठ हलेनात. आयुष्यभर दुसऱ्यांना नाम सांगणारा मी, नाम विसरलो. तेवढ्यात कोणीतरी शेजारी येऊन बसले. तो पखवाजी होता. त्याने जुने काही काढले नाही. डोळे मिटून तो त्याच्या देवाशी बोलला, आणि मग गुडघ्यावर बोटांनी हळूहळू भजनी ठेका धरला. त्या ठेक्यावर माझे नाम सुरू झाले. पहाटे त्याने बाटलीतले पाणी पुढे केले. मी प्यालो.

नाथांनी रामेश्वरी न्यायचे गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजले, ही कथा मी शेकडो वेळा रंगवून सांगितली होती. आणि माणसाच्या हातचे पाणी मीच टाकले होते.

म्हणून माझ्यापुरते उत्तर सांगतो. शांती कोणत्या दारची, हे विचारू नये. ती मिळाल्यावर माणूस दुसऱ्याच्या काळजीत शेजारी येऊन बसतो का, एवढे पाहावे. त्या कसोटीला त्याची शांती उतरली, माझी उतरली नाही. मी आजही विठोबाचाच आहे, अखेरपर्यंत राहीन. पण तुमच्या घरातले कोणी दुसऱ्या दारी गेले असेल, तर माउली, आधी विचारा, "झोप लागते ना? मूल कसे आहे?" मी विचारले नाही. ते मूल पुढे गेले, आणि मला ते त्या रात्री ओट्यावर कळले.

रामकृष्ण हरी.