निसटती फेरी व एकतर्फी फेरी

मुष्टियुद्धाच्या पंचानें गुण कसे द्यावेत, हा प्रश्न घाटंजीसारख्या कापसाच्या पेठेंत बसून चर्चेस घेण्याचें प्रयोजन काय, असें कित्येक वाचकांस वाटण्याचा संभव आहे. आमच्या बाजूस प्रत्यक्ष पाहावयास मिळतो तो कुस्त्यांचा फड किंवा शंकरपट. ठोशांचा खेळ आम्ही पाहतों तो बहुतेक पडद्यावरच. तथापि नागपूरच्या अल्फिया पठाण हिनें २०२१ सालीं पोलंडांत युवा गटाचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, तेव्हांपासून हा खेळ विदर्भास अगदींच परका राहिलेला नाहीं. त्या अंतिम सामन्यांत पांचही पंचांनीं तिच्या बाजूनें कौल दिला. अशा निकालाविषयीं कोणाचें कांहीं म्हणणें नसतें. म्हणणें असतें तें पंचांत तीन-दोन अशी फूट पडते तेव्हां. आणि त्या वेळीं उपस्थित होणारा प्रश्न खेळाचा नसून न्यायाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रचलित पद्धति थोडक्यांत अशी. प्रत्येक फेरी स्वतंत्र धरावयाची. ती जिंकणाऱ्यास १० गुण, हरणाऱ्यास बहुधा ९. हरणारा फारच मागें पडला, किंवा खालीं कोसळला, तर ८, क्वचित् ७. फेऱ्या संपल्या कीं प्रत्येक पंचाची बेरीज निराळी होते, व ज्याच्या बाजूस अधिक पंच तो विजयी. सकृद्दर्शनीं यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ज्या फेरींत दोघांमध्यें केसाइतकेंच अंतर होतें तिलाही १०-९, आणि जींत एकानें दुसऱ्यास तीन मिनिटें दोरांपाशीं दाबून धरलें तिलाही पुष्कळदां १०-९! ८ चा मार्ग नियमानें मोकळा असतां पंचाचा हात ९ वरच थांबतो. दोन फेऱ्या निसटत्या जिंकून तिसरींत बेदम मार खाणारा मनुष्य या हिशेबानें विजयी ठरतो.

टोकियो येथील ऑलिंपिकमध्यें २९ जुलै २०२१ रोजीं मणिपूरची मेरी कोम आणि कोलंबियाची इन्ग्रित वालेन्सिया यांच्यांत झालेली लढत पुष्कळांस स्मरत असेल. पहिल्या फेरींत पांचांपैकीं चार पंचांनीं वालेन्सियास पुढें ठरविलें. दुसऱ्या व तिसऱ्या फेरींत प्रत्येकीं तिघांनीं मेरी कोमला कौल दिला. म्हणजे तीनपैकीं दोन फेऱ्यांत बहुमत मेरी कोमचें. तरीही सामना ती तीन विरुद्ध दोन मतांनीं हरली. आपण जिंकलों अशाच समजुतीनें ती रिंगणांतून बाहेर पडली होती. हा उघड अन्याय होय, असें आपल्याकडे अनेकांचें मत झालें. पण शांतपणें मोजूं लागलें तर तीन फेऱ्यांत पांच पंचांचे मिळून पंधरा कौल होतात. त्यांतले मेरी कोमकडे एक, तीन व तीन मिळून सात, आणि वालेन्सियाकडे आठ. फेऱ्यांचें बहुमत धरावें कीं प्रत्येक पंचाची स्वतंत्र बेरीज धरावी, हा नियम ठरविणाऱ्यांचा प्रश्न. दोन्ही रीती समंजस आहेत, आणि कोणती चालू आहे हें आधीं ठाऊक असतें. तेवढ्यावरून पंचांस दोष देतां येत नाहीं.

खरी गोम याच्या पलीकडे आहे. पहिल्या फेरींत चौघे एकमत झाले, यावरून ती फेरी मोठ्या फरकानें गेली असें आपण सहज समजतों. हें अनुमान खरें नव्हे. अंतर स्पष्ट असणें व अंतर मोठें असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. शंकरपटांत घड्याळावर सेकंदाच्या अल्प अंशानें मागें राहिलेली जोडी मागें राहिली याविषयीं संशय नसतो, पण ती फारशी मागें नसते. उलट, बाजारांत दोन गाड्यांतला कापूस हातीं घेऊन, धागा ओढून पाहणारा जाणता मनुष्य कधीं कधीं सांगतो कीं या दोहोंत बराच फरक आहे. मात्र सरस कोणता म्हणावा, लांब धाग्याचा कीं स्वच्छ बोंडाचा, याविषयीं तो घोटाळतो. पंचांची संख्या आपल्याला निश्चितीचें माप देते, मोठेपणाचें देत नाहीं. मोठेपणा सांगण्याचें साधन एकच, तें म्हणजे प्रत्येक पंचाच्या हातांतला तो ९ किंवा ८ चा आंकडा. आणि तोच तो वापरावयास कचरतो.

यावर उपाय म्हणून ठोसेच मोजावेत, ही कल्पना करून पाहण्यांत आली आहे. १९८८ सालीं सेऊलच्या ऑलिंपिकमध्यें अमेरिकेच्या रॉय जोन्सनें ८६ ठोसे लगावले व दक्षिण कोरियाच्या पार्क सि-हुननें ३२; तरी सुवर्णपदक तीन-दोन अशा कौलानें पार्क यास मिळालें, आणि त्याच स्पर्धेंतील सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्धा म्हणून करंडक मात्र जोन्सला देण्यांत आला! या लाजिरवाण्या प्रकारानंतर १९९२ पासून ऑलिंपिकमध्यें पंचांपुढें कळीचीं यंत्रें आलीं. पांचांपैकीं तिघांनीं एका सेकंदाच्या आंत कळ दाबली तरच ठोसा मोजावयाचा. फरक आतां नेमका आंकड्यांत दिसूं लागला. पण खेळणारेही तसेच शहाणे झाले. जोराच्या घावापेक्षां पंचांस स्पष्ट दिसेल असा हलका स्पर्श अधिक लाभाचा, हें त्यांनीं ओळखलें. बरगड्यांवरचे ठोसे यंत्राच्या हिशेबांत फारसे येईनात. २०१३ सालीं ही पद्धति सोडण्यांत आली व दहा गुणांची रीत स्वीकारण्यांत आली. मोजणें अचूक होतें, परंतु जें मोजावयास हवें होतें तें मोजलें जात नव्हतें.

आमच्याकडील निकाली कुस्तीनें हा सारा प्रश्नच टाळला. पाठ लागली तर चीतपट; नाहीं तर बरोबरींत सोडविली. त्यांत निसटता विजय म्हणून कांहीं नाहीं, अशी कुस्तीशौकिनांची प्रौढी असते. ती आम्हांस पूर्णपणें पटत नाहीं. २ फेब्रुवारी २०२५ रोजीं अहिल्यानगर येथें महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत पृथ्वीराज मोहोळ व शिवराज राक्षे यांच्यांतील कुस्तीचा वाद नेमका याच मुद्द्यावर झाला. राक्षेची पाठ लागली असें पंचांनीं ठरविलें. लागली नाहीं असें त्याचें म्हणणें. त्या संतापांत त्यानें पंचास लाथ मारली व तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. हें वर्तन निंद्यच. पण वादाचा विषय पाहा: पाठ लागणें ही ज्यास आपण वस्तुस्थिति म्हणतों तीही अखेर कोणाच्या तरी डोळ्यांवरच अवलंबून राहिली.

तेव्हां डोळ्यांवांचून गत्यंतर नाहीं. आतां त्या डोळ्यांचें कर्तव्य काय? आमचें आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें, म्हणून या प्रश्नाकडे आम्ही थोडें परीक्षकाच्या दृष्टीनें पाहतों. चौतीस गुण व पस्तीस गुण यांत ज्ञानाचा फरक नसतो, तरी एक विद्यार्थी उत्तीर्ण होतो व दुसरा होत नाहीं. अशा वेळीं परीक्षक ती पत्रिका पुनः वाचतो. मुष्टियुद्धाच्या पंचास ही सोय नाहीं. घंटा झाली कीं कांहीं क्षणांत आंकडा द्यावयाचा. म्हणून निसटत्या फेरींत त्याची चूक होणें हें समजण्यासारखें आहे, आणि तेथें समान गुणांची मुभा असेल तर ती त्यानें लाज न बाळगतां घ्यावी, असें आम्हांस वाटतें. एका गोष्टीस मात्र क्षमा नाहीं. मागील फेरी आपण याला दिली, ती बहुधा चुकली, तर ही त्याला देऊं, अशी भरपाई जो करितो त्यानें एका चुकीच्या जागीं दोन केल्या, व दुसरी जाणूनबुजून केली.

एकतर्फी फेरीची गोष्ट निराळी. तेथें पंचाचे डोळे चुकत नाहींत, त्याचें धैर्य खचतें. तीन फेऱ्यांच्या सामन्यांत पहिल्याच फेरीस १०-८ दिलें तर सामना आपणच निकालांत काढल्यासारखें होईल, ही भीति त्याला वाटते. या संकोचास पुष्कळ लोक सौजन्य समजतात. पण ज्यानें फेरी गाजविली त्याच्या कमाईंतला एक गुण त्यांत कापला जातो, आणि तो कोणी कापला हें कोठेंही लिहिलें जात नाहीं. शिवाय ती भीति हिशेबासही धरून नाहीं. पहिली फेरी ८ गुणांनीं हरलेल्यानें पुढील दोन फेऱ्या १०-९ अशा जिंकल्या तर त्याचे २८ होतात, आणि प्रतिस्पर्ध्याचेही २८. मग नियमाप्रमाणें त्या पंचास दोघांपैकीं एकाचें नांव सांगावें लागतें. आणि इतका वेळ फेरी-फेरी तोडून पाहणाऱ्या त्या मनुष्यास सबंध लढत प्रथमच एकत्र आठवावी लागते.