ओढ्यातलं कर्म

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याच्या शेतांखाली साधारण मीटरभर खोल सच्छिद्र नळ्या पुरलेल्या असतात. पाऊस मुरला की त्यांच्या तोंडातून ओढ्यात नितळ पाण्याची धार पडते. त्यात नायट्रेट विरघळलेलं असतं. ना रंग, ना वास.

हेच पाणी रॅकून नदीतून डे मॉइन शहराच्या नळाला येतं. 2015 मध्ये तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने या नायट्रेटसाठी वरच्या अंगाच्या तीन काउंटींतल्या, शेतातलं पाणी काढून देणाऱ्या निचरा मंडळांवर खटला भरला. 2017 मध्ये तो फेटाळला गेला. यावर उपाय करण्याचा अधिकारच मंडळांना नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

मग कर्ता कोण?

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं ‘स्पॅरो’ हे प्रारूप नदीतल्या नायट्रोजनमधले खत, शेण, हवेतून उतरणारा नायट्रोजन यांचे वाटे नदीवरच्या मोजमापांशी ताडून मांडतं. उथळ ओढ्यात पाणी तळाला सतत भिडतं, तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. मोठ्या नदीत हे कमी घडतं. म्हणजे दोन शेतकऱ्यांनी सारखंच खत टाकलं, तरी मोठ्या नदीकाठच्याचा वाटा, हे पाणी शेवटी जिथे मिळतं त्या मेक्सिकोच्या आखातापर्यंत अधिक पोचतो! दोष हेतूवर ठरवायचा की शेताच्या जागेवर?

बौद्ध विचार कर्माचं मूळ हेतूत पाहतो. जैन विचार अजाणता घडलेल्या हिंसेलाही सोडत नाही, म्हणून तर पाणी गाळून पितात. इथे जैनांचं म्हणणं अधिक खरं वाटतं. शेतकऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटवर (नायट्रोजन म्हणून मोजलेल्या) लिटरमागे 10 मिलिग्रॅमची मर्यादा घातली गेली ती तान्ह्या बाळांच्या जिवासाठी. आणि हे विष कापडाने गाळलं जात नाही.