थांबण्याची ऐपत

शेतमालाचे भाव पडले की सल्ला ठरलेला असतो. शेतकऱ्याने व्यापाऱ्यासारखा विचार करावा, आधी बाजार ओळखावा आणि मग पीक निवडावं. राज्य सरकारने 2020 मध्ये याच विचाराला ‘विकेल ते पिकेल’ असं नाव देऊन मोहीमही काढली. सल्ला देणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. सल्ला मात्र मुळातच चुकलेला आहे, आणि जुन्नर तालुक्यात ते लख्ख दिसतं.

2023 चं वर्ष घ्या. मे महिन्यात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटमागे तोडणीची मजुरीही सुटत नव्हती. जुलैत तालुक्यातल्या नारायणगावच्या बाजारात तोच क्रेट दोन हजारांच्या पुढे गेला. टोमॅटोने कोट्यधीश झालेल्यांची छायाचित्रं छापून आली आणि बाजार ओळखणारा कसा तरतो याचे दाखले दिले जाऊ लागले. पण रोप लावल्यापासून पहिल्या तोड्याला साठ-सत्तर दिवस लागतात. जुलैत ज्यांचा माल सुरू झाला त्यांनी लागवड केली होती मेच्या सुमारास, म्हणजे बाजार ‘लावू नका’ असं सांगत असताना. त्यांनी बाजाराचं ऐकलं असतं तर जुलैत त्यांच्याकडे एक क्रेटही नसता. ज्यांनी ऐकलं ते कोण? जुलैचा भाव पाहून ज्यांनी मल्चिंग पेपर अंथरला, बांबू आणि तार उभी केली, एकरी लाखाच्या पुढे खर्च केला, ते. त्यांचा माल सप्टेंबरात आला तेव्हा भाव मातीमोल झाले होते. म्हणजे सल्ला पाळणारा बुडाला आणि न पाळणारा वर आला. हा अपवाद असता तर सोडून दिला असता. टोमॅटोत हे चक्र वर्षानुवर्षं फिरतं आहे.

यावर सांगितलं जातं की अंदाज आणखी नेमका हवा: उपग्रहावरून लागवडीचं क्षेत्र मोजा, मोबाइलवर भावाचा कल कळवा. समजा, कळवला. ओझर, येडगाव, खोडद इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला एकाच सकाळी कळलं की ऑक्टोबरात टोमॅटो तेजीत आहे. प्रत्येकाने लावला, तर ऑक्टोबरात तेजी राहील का? सगळ्यांपर्यंत पोहोचलेला अंदाज स्वतःलाच खोटा पाडतो, आणि थोड्यांपुरताच राहिला तर ते शेतीचं धोरण होत नाही. शिवाय जुलै 2023 ची तेजी उन्हाने, रोगाने आणि पावसाने माल घटल्यामुळे आली. ती मे महिन्यात कोणत्याच तक्त्यात दिसणारी नव्हती.

बाकीच्या उपायांवर फार शाई खर्चावी असं वाटत नाही. वायद्यांचं म्हणाल, तर सेबीने डिसेंबर 2021 मध्ये सात शेतमालांचे वायदे थांबवले, आणि टोमॅटो तर वायद्यात बसणारा मालच नाही. हमीभाव कागदावर आला तरी पिकलेला टोमॅटो सरकार ठेवणार कुठे? अडत्यावर सगळं खापर फोडणाऱ्यांनी हंगामाच्या मध्यावर शेतकऱ्याला उचल कोण देतं ते पाहावं.

माझ्या मते नियोजनाचा खरा प्रश्न पीक निवडण्याच्या फार अलीकडे सुरू होतो. नाशवंत आणि टिकाऊ माल हा भेद आपण शाळेपासून ऐकतो, पण तो अपुरा आहे. माल थांबू शकतो का, हा एक प्रश्न. घर थांबू शकतं का, हा दुसरा. गावरान कांदा मार्च-एप्रिलला निघतो आणि बराखीत, म्हणजे साठवणुकीच्या चाळीत, दिवाळीच्या आसपासपर्यंत टिकतो. माल थांबायला तयार असतो. पण मार्चअखेरीला सोसायटीच्या कर्जवसुलीचा जोर असतो, मे महिन्यात घरात लग्न निघतं, जूनमध्ये मुलांची फी असते. बराख भरलेली असून शेतकरी शेताच्या बांधावरूनच कांदा देतो, तो त्याला बाजार कळत नाही म्हणून नव्हे.

उलट बाजूने ऊस पाहा. ओझरच्या विघ्नहर गणपतीचं नाव धारण करणारा साखर कारखाना याच तालुक्यात आहे. कुकडीच्या पाण्यावर ऊस वाढवल्याबद्दल शहरात बसून शेतकऱ्याला बोल लावणारे पुष्कळ आहेत. पाण्यापुरतं त्यांचं म्हणणं खरंही आहे. पण एफआरपीमुळे, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरामुळे, किमान दर तोडणीआधी ठाऊक असणारं आणि 14 दिवसांत पैसे देण्याचं बंधन कायद्यात असलेलं दुसरं कोणतं पीक या शेतकऱ्याकडे आहे? ते पैसे नेहमीच वेळेवर येतात असं नाही. तरीही दोन एकर ऊस आणि गोठ्यातल्या दोन गाई ज्याच्याकडे आहेत, तो उरलेल्या एकरात टोमॅटोचा डाव हरला तरी उभा राहतो. दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार घर चालवतो, ऊस कर्ज फेडतो. त्याचा टोमॅटो थांबत नाही, पण घर थांबतं.

आता जो थांबला त्याचं काय होतं तेही पाहू. 19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं. चार-पाच महिने सड आणि वजनघट सोसून ज्यांनी बराखी राखल्या होत्या, नेमका त्यांच्या विक्रीचा तो काळ होता. डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती 4 मे 2024 पर्यंत. शेतकरी नेते शरद जोशींनी 1980 मध्ये शेजारच्या चाकणला कांद्यासाठी रस्ता अडवला तो इतिहास इथे सर्वांना पाठ आहे. त्यांचा रोख सरकारवर होता आणि तो रोख आजही चुकीचा ठरलेला नाही. थांबण्याची किंमत शेतकऱ्याने मोजायची आणि थांबल्याचं फळ ग्राहकाच्या नावाने काढून घ्यायचं, याला मी अन्यायच म्हणेन.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना सोयाबीन, तूर, हरभरा, हळद अशा गोदामात टिकणाऱ्या वाळलेल्या मालासाठी आखलेली आहे. बराखीतल्या कांद्यावर तसंच कर्ज द्यावं. कांदा सडतो, वजन घटतं, ही अडचण खरी आहे. तर भरतेवेळच्या वजनाच्या निम्मंच वजन धरावं, त्यावर एप्रिलच्या भावाने रक्कम द्यावी आणि परतफेड ऑक्टोबरअखेर ठेवावी. तेवढ्या पैशांत सोसायटी भागते, फी भागते. आणि ज्या वर्षी केंद्र हंगामाच्या मध्येच निर्यातीवर शुल्क किंवा बंदी आणेल, त्या वर्षी या कर्जाचं व्याज केंद्राने भरावं.