आधी पैसे की आधी किल्ली?

साताऱ्यातल्या एका घराच्या ओसरीवर गेल्या वर्षी मी अर्धा तास फार अवघडून बसलो होतो. समोर स्टुलावर चहाचे पेले, एका मोटारीची किल्ली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली कागदपत्रे होती. मोटार अंगणात उभी होती. दहा वर्षे वापरलेली, पण घरच्या गाईसारखी निगा राखलेली. तिचे मालक सत्तरीच्या घरातले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. रात्रीचे नीट दिसत नाही म्हणून गाडी काढायची, एवढेच कारण. मध्ये कोणी दलाल नव्हता. किंमत ठरली होती दोन लाख साठ हजार. घासाघीस झाली तीही गोडीने झाली. काकूंनी पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या आणि उरलेल्या पाच हजारांचा वाद आपोआप मिटला. सारे जुळले, आणि मग मी विचारले, "काका, पैसे कसे देऊ?"

त्या एका प्रश्नाने ओसरीवरचे वारे बदलले.

"रोख आणा," ते म्हणाले. "नोटा मोजून घेतल्या की माझा जीव भांड्यात पडेल."

"एवढी रक्कम एसटीतून आणायची म्हणजे... बँकेतून पाठवतो की!"

"तो मोबाइलवरचा मेसेज म्हणजे का पैसे? आमच्या गल्लीतल्या एका पोराला असाच मेसेज दाखवून वस्तू नेली."

"मग चेक देऊ?"

यावर ते नुसतेच हसले. आता माझी पाळी आली. मी विचारले, "गाडीवर कर्ज काही उरलेलं नाही ना? फेडल्याचा बँकेचा दाखला बघायला मिळेल?"

त्यांचा चेहरा उतरला. "गुरुजी, चाळीस वर्षं नोकरी केली. कोणाचा पै बुडवला नाही."

दोघेही सरळ माणसे. दोघांच्याही मनात पाप नव्हते. तरीही पाच मिनिटांत दोघेही थोडे दुखावलो होतो. माझी पत्नी पोह्यांच्या बशा गोळा करण्याच्या निमित्ताने आत गेली, ती उगाच नव्हे.

कराडला परत येताना एसटीच्या खिडकीशी बसून मी विचार करीत होतो. अनोळखी माणसाशी व्यवहार करताना खबरदारी मागणे हा त्याचा अपमान आहे काय? आपल्यावरचे संस्कार म्हणतात, आहे. 'विश्वासावर जग चालते' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. दिलेला शब्द हाच दस्तऐवज मानणाऱ्या आजोबांच्या गोष्टी प्रत्येक घरात असतात. त्या खोट्या नसतात; पण आजोबांचा शब्द ज्यांना दिलेला असे, ती माणसे त्याच गावातली, त्याच पारावर बसणारी असत, हे गोष्ट सांगणारा विसरतो. शब्द मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाण्याला यावे लागे. शब्दामागे सारे गाव जामीन उभे होते. साताऱ्याचे काका आणि मी यांच्यामध्ये कोणते गाव होते?

माझ्या मामेभावाने असाच एकदा निव्वळ विश्वास ठेवला. गाडी विकताना शनिवारी संध्याकाळी चेक घेतला, आणि माणूस बोलायला चांगला वाटला म्हणून सह्या केलेले कागद आणि किल्ली त्याच वेळी देऊन टाकली. चेक वटला नाही. खात्यात पैसेच नव्हते. 1989 पासून असा चेक देणे हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि त्याला कैदेचीही शिक्षा आहे. पण शिक्षेच्या भीतीने गाडी परत येत नाही. खटला उभा राहिला, तारखा पडत राहिल्या. पैसे गेले त्याचे दुःख त्याने पचवले, पण मध्यंतरी त्याच्या सख्ख्या बहिणीने अडचणीला पाच हजार मागितले, तेव्हा त्याने पैशांबरोबर कोरी पावती पुढे केली आणि म्हणाला, "सही कर." बहीण सही करून गेली. ती त्यानंतर फारशी येत नाही. भामट्याने त्याची गाडी नेली ती एकदाच. बहिणीवर विश्वास टाकण्याची त्याची ताकद मात्र कायमची नेली.

तेव्हापासून मला वाटते, की खबरदारी विश्वासाची वैरीण नसून राखणदार आहे. फसलेला माणूस भामट्यावरचा राग भल्या माणसांवर काढतो.

खरा पेच मात्र वेगळाच आहे. दोघांपैकी आधी हात कोणी सैल करायचा? पैसे आधी दिले तर घेणारा उघड्यावर, किल्ली आधी दिली तर विकणारा उघड्यावर. आपला मालविक्रीचा कायदा 1930 सालचा. त्याने या पेचावर सरळ तोड काढली आहे: वेगळा करार नसेल तर माल देणे आणि किंमत देणे ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावीत. किती शहाणपणाचे वाक्य! पण कायद्याचे 'एकाच वेळी' जमिनीवर उतरवायचे कसे? दोन हातांनी एकदम दिले-घेतले असे भाजीच्या जुडीबाबत जमते. अडीच लाखांबाबत मध्ये एक फट राहतेच.

हीरॉडोटस या ग्रीक इतिहासकाराने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एक हकिकत लिहून ठेवली आहे. कार्थेजचे व्यापारी आफ्रिकेच्या दूरच्या किनाऱ्यावर जात, माल वाळूवर मांडून ठेवीत, जहाजावर परतत आणि धूर करीत. धूर पाहून तिथले रहिवासी येत, मालाजवळ सोने ठेवीत आणि दूर जाऊन थांबत. व्यापारी येऊन पाहत. सोने पुरेसे वाटले तर उचलून निघून जात, कमी वाटले तर पुन्हा जहाजावर जाऊन बसत. मग ते लोक आणखी सोने ठेवीत. किंमत पुरी होईपर्यंत व्यापारी सोन्याला शिवत नसत, आणि सोने उचलले जाईपर्यंत ते लोक मालाला शिवत नसत. कोणी कोणाला फसवीत नसे, असे तो म्हणतो. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांनी ती फट बुजवण्याची एक रीत बसवली होती. फक्त त्या रीतीत पोह्यांची बशी नव्हती. आपल्याला रीतही हवी आणि बशीही हवी.

घरी आल्यावर मी कागद घेतला आणि पैसे देण्याच्या एकेका पद्धतीपुढे एकच प्रश्न लिहिला: मधल्या वेळात धोका कोणाच्या अंगावर? रोख रक्कम काकांना सुरक्षित वाटत होती. पण ती त्यांनाच अधिक धोक्याची होती. 1 एप्रिल 2017 पासून एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही, आणि नियम मोडला तर स्वीकारलेल्या रकमेइतका दंड बसू शकतो; तोही देणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला! त्यांच्या हट्टाला 'बरं' म्हणून मी गप्प बसलो असतो, तर तो विश्वास नसून बेफिकिरी झाली असती. चेकमध्ये सारा धोका विकणाऱ्याचा. वटेपर्यंत तो पैसा नसून वचन आहे. बँकेचा ड्राफ्ट भारदस्त दिसतो, पण बनावट ड्राफ्टही तितकाच भारदस्त दिसतो. ज्या शाखेने काढला तिथे खात्री केल्याशिवाय त्यावर किल्ली देऊ नये. मोबाइलवरचे 'पैसे पाठवले' हे चित्र तर कोणीही रंगवू शकतो. आणि पैसे मिळण्यासाठी पिन टाका असे कोणी सांगितले, तर तिथेच उठावे. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी नव्हे.

उरली ती खात्यातून खात्यात रक्कम वळती करण्याची आरटीजीएसची पद्धत. दोन लाखांपासून पुढच्या रकमांसाठी ती असते. रक्कम साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत जमा होते, आणि मोठी गोष्ट म्हणजे दोन्हीकडे लेखी नोंद राहते. 1 एप्रिल 2025 पासून पैसे पाठवण्याआधी समोरच्या खात्यावर कोणाचे नाव आहे हे पाहण्याचीही सोय झाली आहे. फट उरतेच, पण ती अर्ध्या तासाची उरते. आणि अर्धा तास दोन माणसे एका बाकावर बसू शकतात.

जुन्या पेढ्यांना हे सारे ठाऊक होते. हुंडीचा एक प्रकार शहाजोग हुंडी. ती आणणाऱ्या कोणाही सोम्यागोम्याला पैसे मिळत नसत. बाजारात पत असलेल्या 'शहा'मार्फतच ती वटे, आणि पुढे काही खोटे निघाले तर तो शहा जबाबदार राही. त्या काळी एखाद्या सावकाराला तुम्ही शहामार्फत या म्हटले म्हणून तो रुसून बसला नसेल. आज मात्र आपण 'शहाजोग' म्हणतो ते साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला. शब्द जिथून निघाला आणि जिथे पोचला, ते पाहून वाईट वाटते.

मी काकांना फोन केला. रोखीच्या दंडाचे सांगितले, आणि म्हटले, "तुमच्याच बँकेत, तुमच्या ओळखीच्या खिडकीसमोर बसू. पासबुकात छापून आल्याखेरीज किल्ली देऊ नका." क्षणभर ते गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि कर्ज फेडल्याचा दाखला मी शोधून ठेवलाय. त्या दिवशी उगाच लागलं मनाला."

आधी मी त्यांच्या खात्यात एक रुपया पाठवला. तो पोचल्याचे त्यांनी पासबुकात पाहिले. सोमवारी सकाळी आम्ही बँकेतल्या बाकावर बसलो. नाव बदलण्याचे 29 आणि 30 क्रमांकांचे फॉर्म सह्या करून मध्ये ठेवले. मी रक्कम पाठवली. माझ्या खात्यातून ती गेली. त्यांच्या खात्यात अजून आली नव्हती. किल्ली त्यांच्या मुठीत होती. आम्ही पावसावर बोललो, मग बोलणे संपले.

दहा-बारा मिनिटांनी त्यांनी मूठ उघडली आणि किल्ली माझ्यापुढे सरकवली. "घ्या गुरुजी. येतील पैसे."

मी ती परत त्यांच्या हातात ठेवली. "असू द्या काका. नोंद होऊ द्या."

त्या वेळी नोंद अडकली असती, तर त्यांना माझ्याकडे किल्ली परत मागावी लागली असती; आणि तसे मागणे त्यांना जड गेले असते, मला ऐकणे जड गेले असते. पण त्यांनी ती पुढे केली, हे मी विसरणार नाही. विश्वास ठेवण्याची त्यांच्यावर सक्ती नव्हती. तरी त्यांनी ठेवला. पहिल्या दिवशी ओसरीवर मी त्यांच्याकडे तोच विश्वास हक्काने मागत होतो. मागून घेतलेला विश्वास आणि आपणहून दिलेला विश्वास यांतला फरक मला त्या बाकावर कळला. थोड्या वेळाने पासबुकावर ओळ छापून आली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

गाडी घेऊन आलो तरी माझ्याकडचे देणे अजून फिटले नव्हते. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, त्याच्यावर गाडीच्या अपघाताची भरपाई येऊ शकते, असे 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. पैसे मिळाले तरी माझ्या हातून होणाऱ्या चुकीला काका बांधलेले होते. विकणाऱ्याने परिवहन कार्यालयाला चौदा दिवसांत कळवायचे असते. ते त्यांनी केले. उरलेले माझे काम मी त्याच आठवड्यात उरकले. मोटार मिळाल्यावर या कागदांची घाई घेणाऱ्याला नसते, आणि म्हणूनच त्याची परीक्षा तिथे होते.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही फराळाचा डबा आणि माझ्या नावाचे नोंदणीपुस्तक घेऊन साताऱ्याला गेलो. गाडी त्याच अंगणात लावली. काकूंनी आधी तिच्या टपावरून हात फिरवला आणि मग आम्हांला "या" म्हणाल्या.