शाळा धर्माची कीं विद्येची?

मुलास धर्माच्या शाळेंत घालावें कीं लौकिक विद्येच्या, हा प्रश्न आमच्या नाशकास नवा नाहीं. येथें वेदपाठशाळा व इंग्रजी शाळा शेजारीं शेजारीं नांदल्या. परंतु या प्रश्नाचा खरा अनुभव कोंकणांतील बेने इस्राएल समाजानें घेतला आहे.

अलिबागेच्या आसपासच्या खेड्यांतून तेल गाळणारे हे यहुदी लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा ते बहुतेक विसरले होते. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना, एवढ्या शिदोरीवर त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या काढल्या. म्हणजे शाळेवांचून आचार टिकतो. त्याचा अर्थ मात्र हातचा जातो. तो अर्थ पुन्हां कळण्यास शाळा लागली, आणि नवल असें कीं ती प्रथम परधर्मीयांची होती! मिशनरी जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रूचें व्याकरण प्रसिद्ध केलें. ख्रिस्ताकडे वळविण्याचा त्यांचा हेतु होता. शिकणारे बहुतेक यहुदीच राहिले, व अधिक जाणते झाले. पुढें १८७५ सालीं हाईम सॅम्युएल केहिमकर प्रभृतींनीं मुंबईंत स्वसमाजाची शाळा काढली, तींत हिब्रूबरोबर इंग्रजीही ठेविली. एकाचसाठीं दुसरीचा त्याग त्यांना मान्य नव्हता.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलास गेला. सर एली कदूरी या नांवानें पुढें ओळखल्या गेलेल्या त्या शाळेंत आज बहुसंख्य मुलें इतर धर्मांचीं आहेत. मागें राहिलेल्या थोड्या घरांनीं मग काय करावें?

कोणी म्हणेल, मूल मोठें झाल्यावर आपला धर्म आपण निवडील. आधींच शिकविणें ही सक्तीच होय. हा युक्तिवाद आम्हीं स्वतः केला आहे. आम्हीं मुलांस संध्या शिकविली नाहीं, ‘पुढें तीं ठरवितील’ असें म्हणालों. त्यांनीं कांहींच ठरविलें नाहीं, कारण स्वीकारावें वा टाकावें असें त्यांच्या हातीं आम्हीं कांहीं दिलेंच नव्हतें. ज्यास आम्ही उदारपणा म्हणत होतों, त्यांत आळसाचा अंश मोठा होता, हें आतां कबूल करणें प्राप्त आहे. शिकविलेलें टाकून देण्याची मोकळीक मुलास अवश्य असावी. पण न शिकविलेलें तो टाकणार तरी कसें?

म्हणून आमच्या मतें शाळेची निवड हा प्रश्नाचा लहान भाग आहे. मुलास कोणत्याही शाळेंत घाला. शनिवारीं घाणा घरच्यांनींच थांबवावा लागतो.