उतारशाळेचा रक्षक

आफ्रिकेतील लेसोथो हा लहान डोंगराळ देश चोहोंकडून दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. तेथील रोमा गावच्या विद्यापीठास भेट देणाऱ्याने त्याचा पूर्वकाळ ध्यानात घ्यावा. वर्णद्वेषी राजवटीच्या दिवसांत शेजारदेशचे काळे विद्यार्थी येथे शिकले. डेस्मंड टुटू यांनी १९७० ते १९७२ येथेच ईश्वरविज्ञान शिकविले.

त्या राजवटीपासून पळून आलेल्यांनाही या देशाने थारा दिला. त्याची किंमत जबर होती. ९ डिसेंबर १९८२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या सैनिकांनी राजधानी मासेरूवर छापा घालून ४२ जणांना ठार केले. त्यांत १२ जण लेसोथोचेच होते. जानेवारी १९८६ मध्ये सीमा रोखून धरल्या गेल्या, सरकार उलथले, आणि कित्येक निर्वासितांना बाहेर पाठवावे लागले.

मग दुर्बलाने आश्रय द्यावा काय? द्यावा. पण तो न टिकल्यास दोष एकट्या त्याचा नव्हे. चांगल्या शोमरोन्याने जखमी मनुष्यास उतारशाळेत पोहोचविले, तेव्हा रक्षकाच्या हाती दोन दिनार ठेवले आणि अधिक लागेल तेही देण्याचे कबूल केले. वाचकहो, शब्बाथशाळेत हा दाखला शिकविताना ते दोन दिनार विसरू नका. परक्याच्या उदारपणाची जो स्तुती करतो, त्याने त्याच्या खर्चाचा वाटाही उचलला पाहिजे.